देवाचं गाठोडं

रोह्याला मुलाकडे राहायला आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सून मला म्हणाली, "आई, तुम्ही रस्त्यावरचं काही उचलत जाऊ नका. लोक बघतात." मी सकाळी कुंडलिकेच्या काठाने फिरायला जाते आणि येताना हातात काहीतरी असतंच. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, पाण्याच्या बाटल्या. मुद्दाम करत नाही. वाकायची सवय कंबरेला लागली आहे, ती डॉक्टरांनी सांगूनही सुटत नाही. पेणच्या आळ्यांमधून सव्वीस वर्षं कचरा उचलला तेव्हा कुणी बघितलं नाही, आता निवृत्त झाले तर लोक बघायला लागले. एकेकाचं नशीब, दुसरं काय.

या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जे सांगायला आले त्यांनी बजावलं होतं, "सफाईच्या कामातले अनुभव लिहा, पण जरा गमतीदार होऊ द्या." गंमत आहे, नाही असं नाही. ती आधी सांगते. पुढचं ज्यांच्याने वाचवणार नाही त्यांनी पान उलटावं.

आम्ही मूळचे खाडीकाठचे, मिठागरात राबणारे. नवरा पालिकेत सफाईला होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. मी नववी शिकलेली, त्यामुळे पुढे मुकादम झाले. म्हणजे बायकांची हजेरी घ्यायची, आळ्या वाटून द्यायच्या, आणि कुणी आली नाही तर तिचा खराटा आपण हातात घ्यायचा. सासूने आयुष्यभर मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. ती म्हणाली, "मीठ काय नि कचरा काय, पाटी तीच, डोकं तेच. जा गो, लाजू नको." तरी मी लाजले. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर सांगायची, "आरोग्य खात्यात आहे." ते खोटं नव्हतं, सफाई त्याच खात्यात येते. एका लांबच्या मावशीने मला नर्स समजून ब्लड प्रेशरच्या गोळ्या दाखवल्या. मी त्या उलटसुलट करून बघितल्या आणि "जेवणानंतर घ्या" म्हणून सांगितलं.

झाडायला काय लागतं, असं सगळ्यांना वाटतं. खराटा उभा धरला तर धूळ तोंडात जाते, आडवा धरला तर कंबर जाते. मधला कोन हाताला सापडायला वर्ष जातं. वारा खाडीकडून असेल तर खाडीच्या टोकाकडूनच सुरुवात करायची, नाहीतर झाडलेलं सगळं पुन्हा पायाशी येतं. ढीग लहान लहान करायचे, कारण मोठा ढीग कुत्र्यांना लांबून दिसतो. पिशवी नेहमी गळ्याशी धरून उचलायची, खालून हात द्यायचा नाही. खाली काय असतं सांगता येत नाही. फुटलेला ग्लास असतो, दाढीचं पातं असतं, इंजेक्शनची सुई असते. हातमोजे मिळायचे, पण ते सगळे एकाच मापाचे आणि पुरुषांच्या हाताचे. ते घालून साधा कागदाचा कपटासुद्धा उचलता येत नसे, म्हणून बायका ते कमरेला खोचून ठेवायच्या आणि साहेब आले की घालायच्या.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त पोस्टमन दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचे आणि शनिवारी घडी करून आमच्या हातात द्यायचे. त्यांची बायको म्हणायची, "माझ्या साड्यांना दोरी उरत नाही हो." तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई खाली उतरायच्याच नाहीत. घंटागाडी खाली आली की वरून नेम धरून पिशवी टाकायच्या. नेम चांगला होता. एकदा मात्र पिशवी गाडीच्या टपावर फुटली आणि आदल्या रात्रीची आमटी काचेवरून खाली आली. वरून आवाज आला, "तुम्ही गाडी रोजच्या जागी का नाही लावली?" कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कुणी पथ्य मोडलं, कुणाच्या घरात बाटली लपवून आणली जाते, हे सगळं आम्हाला कळायचं. पण एका दारातलं दुसऱ्या दारात बोलायचं नाही, हे मी नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायची.

आता देवाकडे येते, कारण पेणमध्ये कचऱ्याचा विषय देवापाशी आल्याशिवाय राहत नाही.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन महिने मूर्तींच्या कारखान्यांच्या आळ्या पांढऱ्याफटक होतात. साच्यांचे तुकडे, तडकलेले हात, निखळलेल्या सोंडा, उंदीर, मोदक, सगळं दाराबाहेर येऊन पडतं. माझ्या बायका त्याला हात लावायला तयार नसत. देवाचा हात घंटागाडीत खरकट्यावर कसा टाकायचा? एकदा अशाच एका ढिगापाशी आम्ही सगळ्या खोळंबून उभ्या होतो. तेव्हा ठेकेदाराकडून नवीनच लागलेली एक बाई पुढे झाली. तिचं नाव बुधी. जोहे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथून रोज बसने यायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिने कारखानदाराला हाक मारून विचारलं, "शेट, ह्याचे डोळे आखले व्हते काय?"

तो म्हणाला, "नाय गो, डोळ्यांपर्यंत गेलाच नाय माल."

"मंग माती हाय," बुधी म्हणाली आणि फावडं मारून ढीग गाडीत भरला.

तो आमचा नियम झाला. पेणमध्ये डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, ती झाली की मूर्ती बघते असं मानतात. डोळे नसतील तर राडारोडा, गाडीत टाकायचा. डोळे असतील तर देव, बाजूला ठेवायचा. इतका सोपा नियम कुठल्याच परिपत्रकात मी वाचला नाही.

पण बाजूला ठेवलेल्या देवाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न उरायचाच. घरातला जुना देव लोकांना घरात नको असतो आणि कचऱ्यात गेलेलाही चालत नाही. मग फुटक्या काचेच्या तसबिरी, कान तुटलेली मूर्ती, रंग उडालेला बाळकृष्ण, असं सगळं लाल कापडात बांधून लोक पिंपळाच्या पारावर ठेवून जातात. आपण सुटलो, पुढचं पिंपळ बघून घेईल. पिंपळ काही बघत नाही, आम्हालाच बघावं लागतं.

कार्यालयाचा हुकूम होता की नदीत, खाडीत काही टाकायचं नाही. गाठोडी शेडवर न्यायची, उघडायची, काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा करायचा. हुकूम चांगला होता. भोगावती नदीच्या काठावर तसा फलक मीच उभं राहून लावून घेतला. पण एकदा आमच्यातल्या एकीने गाठोडं उघडलं आणि आत हळदकुंकू लावलेलं लिंबू, काळी बाहुली आणि टाचण्या निघाल्या. तिला त्याच दिवशी ताप भरला. दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका कामावर आल्या नाहीत. तेव्हा मी माझ्यापुरता नियम केला की देवाचं गाठोडं कुणी उघडायचं नाही. महिन्याची सगळी गाठोडी एका गोणीत भरायची आणि खाडीत सोडून द्यायची. हे काम बुधीने आपणहून घेतलं.

"मी जाताना भरतीला सोडून येते, बाई. मला तुमच्या देवाचं भ्याव नाय. आमचा देव रानात हाय, तो गाठोड्यात बसत नाय."

वहीत मी लिहायची, "गाठोडी शेडवर जमा." खाली माझी सही. असं तीन वर्षं चाललं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

मग नवरात्राच्या आधीची साफसफाई आली. आमच्याच आळीत एक मास्तर राहत, शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. त्यांच्या सुनेने देव्हारा धुवायला काढला. जुन्या तसबिरी एका लाल खणात बांधल्या. घराण्याचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या कुलदेवतांच्या छोट्या छोट्या प्रतिमा, तसल्याच दुसऱ्या लाल खणात बांधले, सोनाराकडे उजळायला द्यायचे म्हणून. मुलाला शाळेत सोडायची घाई होती. पारावर ठेवायचं गाठोडं तिने कपाटात ठेवलं आणि कपाटात ठेवायचं पारावर ठेवून आली.

तिच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी, सोनाराच्या दुकानात. तोवर गोणी खाडीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, त्यांची बायको आणि सून कार्यालयात येऊन बसली. सून रडून रडून लाल झालेली. मास्तरांच्या बायकोने एवढंच म्हटलं, "माझ्या सासूच्या सासूने पुजलेले टाक आहेत हो." साहेबांच्या टेबलाच्या एका बाजूला ती माणसं, दुसऱ्या बाजूला मी आणि बुधी. बुधीचा नवरा फाटकापाशी उभा होता, कुणीतरी त्याला निरोप दिला असावा. त्या आठवड्यात स्वच्छतेच्या तपासणीला वरून माणसं यायची होती, त्यामुळे साहेब आधीच वैतागलेले.

"गाठोडं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"खाडीला सोडलं," बुधी म्हणाली.

"खाडीत काही टाकायचं नाही हे माहीत आहे ना? कुणाच्या सांगण्यावरून टाकलंस?"

बुधीने माझ्याकडे बघितलं. माझ्यासमोर हजेरीची वही उघडी होती. मी वहीत बघत राहिले. त्या पानावर काय लिहिलेलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"कोनाच्या नाय," बुधी म्हणाली. "मीच."

साहेब माझ्याकडे वळले. "मुकादमबाई, तुम्हाला कल्पना होती?"

"नाही, साहेब."

मी घाबरले होते. तीन वर्षं खोट्या नोंदींवर माझी सही होती. मुलाचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं, मला निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, आणि ही नोकरी गेली तर माझ्यामागे दुसरं काही नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांच्याने माझं खोटं लहान होत नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं.

मास्तर हळूच म्हणाले, "चांदी कुणी खाडीत टाकतं का?" त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. ठेकेदाराने त्याच दिवशी बुधीला कामावरून कमी केलं आणि दोन माणसं तिच्या वाडीवर पाठवली. त्यांनी झोपडीतली मडकी बाहेर काढली, गोधड्या झटकल्या, छपरातला पेंढा उचकला. काही मिळालं नाही. काही मिळालं नाही म्हणजे बाईने चांगलं लपवलंय, असं गावात बोलणं झालं. माझ्या हाताखालच्या सगळ्या बायकांना खरं काय ते माहीत होतं. पण मुकादमच गप्प बसली, तर त्या कशाला तोंड उघडतील?

मास्तरांच्या घरी दसऱ्याच्या आत नवे टाक घडवून आले. गुरुजींनी विधी केला. पुढे त्यांची सून मला रस्त्यात भेटली की ओशाळून म्हणायची, "चूक माझीच होती, मुकादमबाई." मी तिला समजावायची, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. जोह्याची बस स्टँडवर लागलेली दिसली की मात्र मी दुसऱ्या रस्त्याने जायची. एकदा जाऊन यावं असं दर महिन्याला वाटायचं. कधी सण आडवा यायचा, कधी पाऊस, कधी गुडघा. माणसाला जायचं नसलं की सगळंच आडवं येतं.

निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ झालं. साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी भाषणात सांगितलं की बाईंच्या संपूर्ण सेवेत एकही मेमो नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी ती शाल कपाटात अगदी खाली ठेवली.

यंदाच्या मे महिन्यात रोहा स्टेशनच्या बाहेर पाच-सहा बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीने मला हाक मारली, "बाई, करवंदं घ्या." बुधी होती. लेक रोह्याजवळच्या वाडीवर दिलीय, तिच्याकडे आलेय, म्हणाली. केस पिकले होते. कालच कामावर भेटलो असावं तशी बोलत होती. मी तिच्यासमोर फुटपाथवर बसले. माझी सून काय म्हणेल याचा विचार तेव्हा मनात आला नाही.

"बुधे, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ठाव हाय."

"तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती करवंदांतले पिचलेले दाणे बाजूला काढत होती. "तुमी सांगाल आसं वाटलं. वाट बगत व्हते. तुमी वहीतच बगत ऱ्हायला."

मी म्हणाले, "मी आता जाऊन सांगते. कार्यालयात सांगते, मास्तरांना सांगते."

"त्यांना सांगून मी काय करू? ते लोक मला इसरले पन." मग म्हणाली, "सांगायचं तर आमच्या वाडीवर सांगा. तितं आजून इचारतात, चांदी कुठं ठेवलीस म्हनून."

पुढच्याच आठवड्यात मी पेणला गेले आणि तिथून जोह्याची बस धरली. मुलाला सांगितलं, जुन्या मैत्रिणीला भेटून येते. ठरल्याप्रमाणे बुधी बसथांब्यावर घ्यायला आली होती. शेतं उन्हाने तडकलेली होती, बांधावरून चालताना मला धाप लागली, पण ती थांबली नाही. वाडीवर पोचलो तेव्हा दहा-पंधरा माणसं जमली. बुधीची सासू दाराशी बसलेली, खूप म्हातारी, डोळ्याला कमी दिसत असावं. मला पाणी दिलं. मी उभी राहूनच बोलले, बसून बोलायचा धीर नव्हता.

"गाठोडी खाडीत सोडायला हिला मीच सांगत होते. दर महिन्याला. ती उघडायची नाहीत, हा नियमही माझाच. हिने ते गाठोडं उघडलं नाही. आत चांदी आहे हे हिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. चांदी खाडीत गेली. हिने काही लपवलेलं नाही. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग तवा का नाय बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरले."

त्याने मान हलवली. "व्हय. भ्याव सगल्यांनाच आसतं," म्हणाला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग बुधीची सासू बोलली, माझ्याकडे न बघता. "ह्ये माज्या पोराला ऐकायला पायजे व्हतं."

बुधीच्या नवऱ्याला मी त्या दिवशी कार्यालयाच्या फाटकाशी बघितलं होतं. "कुठे गेलाय? बोलवा त्याला. त्याच्यासमोर पुन्हा सांगते," मी म्हणाले.

"तो गेला. दोन पावसाळं झालं," म्हातारी म्हणाली. "छातीत पानी झालं व्हतं. डाक्टर बोलला, मोठ्या दवाखान्यात न्या. कशानं नेनार? रोज हिला बोलायचा, आता तरी काढ. मी मरतोय, आता तरी चांदी काढ. मी पन हिच्या पाया पडले, काढ गो म्हनून. ही नुसती रडायची. शेवटाला तो हिच्या हातचं पानी पन घेत नव्हता. भिंतीकडं तोंड करून गेला."

म्हातारीने हात पुढे करून बुधीला चाचपलं, तिचा हात सापडल्यावर घट्ट धरला आणि "गो बुधे" एवढंच म्हणाली. बुधीने हळूच हात सोडवून घेतला, उठली आणि माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"चला बाई," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

गाडीला अजून तासभर होता.